कर्करोग-परिचर्येचे अधिष्ठान : पेशीचे काळमान आणि परिचारिकेची दृष्टी

१. प्रश्नाचे स्वरूप

कर्करोगग्रस्तांच्या परिचर्येत विशेष प्रावीण्य मिळवू इच्छिणाऱ्या परिचारिकेने प्रथम काय जाणले पाहिजे, या प्रश्नाला अभ्यासक्रमांतून मिळणारे उत्तर बहुधा विषयांच्या यादीच्या रूपाचे असते. पेशीविज्ञान, रोगनिदान, शस्त्रक्रिया, किरणोपचार, रसायनोपचार, वेदनाशमन, समुपदेशन अशी ती यादी होय. यादी चुकीची आहे असे नाही. तथापि तीतील एक विषय दुसऱ्याशी कोणत्या धाग्याने बांधलेला आहे हे तिच्यावरून उमगत नाही. परिणामी विद्यार्थिनीला पेशीविभाजनाच्या अवस्था पाठ येतात आणि तोंड येण्यावरचे उपायही पाठ येतात. परंतु पहिल्यावरून दुसरे का व केव्हा घडते हे तिला सांगता येतेच असे नाही. हा जोडणारा धागा काळाचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. कर्करोग हा पेशींच्या वाढीचे वेळापत्रक बिघडल्यामुळे होणारा विकार असून त्यावरील प्रत्येक उपचाराचेही स्वतःचे वेळापत्रक असते. ते अगोदर जाणणे व रुग्णाच्या घरी पोचविणे हे या परिचर्येचे अधिष्ठान होय.

हा मुद्दा एका गावाच्या संदर्भात पाहिला असता अधिक स्पष्ट होतो. रायगड जिल्ह्यात पेण आणि रोहा यांच्या दरम्यान, अंबा नदीच्या काठी नागोठणे वसलेले आहे. मुंबई–गोवा महामार्गाने व पनवेल–रोहा लोहमार्गाने ते मुंबईशी जोडलेले आहे. या गावातील एखाद्या स्त्रीला स्तनाचा कर्करोग झाला असून रसायनोपचारासाठी ती परळला किंवा खारघरला जाते, अशी कल्पना करावी. शिरेतून औषध देण्यास काही तास पुरतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ती घरी परतते आणि तीन आठवड्यांनी पुन्हा जाते. म्हणजे एकवीस दिवसांच्या आवर्तनात रुग्णालयात साधारण एक दिवस, तर घरी वीस दिवस. औषध देण्याचे कार्य त्या एका दिवशी घडते. त्याचे परिणाम मात्र उरलेल्या वीस दिवसांत, स्वयंपाकघरात, अंगणात, रात्री दोन वाजता प्रकट होतात. त्या वेळी परिचारिका जवळ नसते. तिने आधी काय सांगून ठेवले आहे, एवढेच तेथे उपयोगी पडते.

२. संस्थात्मक पार्श्वभूमी

महाराष्ट्रात कर्करोगाच्या स्वतंत्र उपचाराची परंपरा परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयापासून सुरू होते. लेडी मेहेरबाई टाटा यांचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाल्यानंतर सर दोराबजी टाटा यांच्या न्यासाने हे रुग्णालय उभारण्याचे ठरविले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. १९५२ मध्ये स्थापन झालेले कर्करोग संशोधन केंद्र व हे रुग्णालय १९६६ मध्ये एकत्र होऊन टाटा स्मारक केंद्र निर्माण झाले. त्याचीच खारघर येथील शाखा पनवेल तालुक्यात, म्हणजे नागोठण्याच्याच जिल्ह्यात आहे. या परिसराच्या दृष्टीने ही मोठी सोय असली तरी तिने मूळ प्रश्न सुटत नाही. रुग्ण बहुतेक काळ घरीच राहणार.

भारतीय परिचर्या परिषदेने मूळ पदविकेनंतर घ्यावयाचा कर्करोग-परिचर्येचा एक वर्षाचा विशेष अभ्यासक्रम मान्य केलेला आहे. परंतु या ज्ञानाची गरज त्या पदविकाधारक परिचारिकांपुरती मर्यादित नाही. रोहा किंवा पेण येथील उपजिल्हा रुग्णालयात, अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात अथवा गावच्या आरोग्य केंद्रात रात्रपाळीवर असणाऱ्या परिचारिकेसमोरही हाच रुग्ण कधीतरी उभा राहतो. विशेषज्ञ परिचारिकेचे एक कार्य या इतर परिचारिकांना शहाणे करणे हेही आहे.

३. पेशी आणि तिचे काळमान

प्रत्येक पेशी पूर्वीच्या पेशीपासूनच उत्पन्न होते, हा सिद्धांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन शास्त्रज्ञ रुडोल्फ व्हिर्को याने प्रतिष्ठित केला. निरोगी शरीरात पेशींची उत्पत्ती व नाश यांचा मेळ राखला जातो. विभाजनाला चालना देणारी जनुके आणि त्याला आवर घालणारी जनुके यांच्या समतोलावर हा मेळ अवलंबून असतो. पहिल्या प्रकारच्या जनुकांत बिघाड होऊन ती सतत कार्यरत राहिली, अथवा दुसऱ्या प्रकारची निकामी झाली, म्हणजे विभाजन अनावर होते. असे बिघाड सहसा एकाच वेळी होत नाहीत. ते वर्षानुवर्षे साचत जातात. बहुतेक कर्करोगांचे प्रमाण वयाबरोबर वाढते त्याचे हे एक मुख्य कारण होय. अशा पेशी आपली जागा सोडून शेजारच्या ऊतकांत शिरतात, रक्तावाटे किंवा लसिकेवाटे दूर जातात आणि तेथे नवी गाठ निर्माण करतात. गाठीचा आकार, शेजारच्या लसिकाग्रंथींतील प्रसार आणि दूरच्या अवयवांतील प्रसार या तीन बाबींवरून रोगाची पायरी ठरविण्याची पद्धत फ्रान्समधील पिएर दनुआ यांनी १९४० नंतरच्या दशकात मांडली आणि ती आज जगभर रूढ आहे. रोग कोठवर पोचला आहे याचे माप म्हणजे पायरी. पेशींचे रूप मूळ पेशींपासून किती दूर गेले आहे याचे माप म्हणजे प्रत. नातेवाईक या दोन शब्दांची हमखास गल्लत करतात. परिचारिकेने ती करता कामा नये.

रसायनोपचारातील पारंपरिक औषधे विभाजन करणाऱ्या पेशीवर आघात करतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, अमेरिकेतील येल विद्यापीठात विषारी वायूच्या संशोधनातून निघालेल्या नायट्रोजन मस्टर्ड या द्रव्याचा लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर प्रयोग झाला आणि या शाखेचा पाया घातला गेला. या औषधांना कर्करोगाची पेशी व शरीराची उपयुक्त पेशी यांतील भेद पूर्णपणे कळत नाही. जी पेशी त्वरेने विभागते ती त्यांच्या तडाख्यात सापडते. अस्थिमज्जा, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि केसांची मुळे ही शरीरातील त्वरेने विभागणाऱ्या पेशींची मुख्य ठिकाणे होत. म्हणून तोंड येणे, जुलाब, केस गळणे व रक्तातील पेशी कमी होणे हे चार वेगळे योगायोग नसून एकाच कारणाची चार रूपे आहेत.

येथूनच काळाचा हिशेब सुरू होतो. रक्तातील न्यूट्रोफिल नावाच्या श्वेतपेशींचे रक्तप्रवाहातील आयुष्य फारच थोडे, सामान्यतः तासांत मोजण्याजोगे असते. बिंबाणू आठ ते दहा दिवस टिकतात. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. औषधाने अस्थिमज्जेतील निर्मिती मंदावली, म्हणजे ज्या पेशीचे आयुष्य सर्वांत अल्प तिचा तुटवडा सर्वांत आधी भासणार. प्रथम न्यूट्रोफिल घटतात, मग बिंबाणू, आणि पांडुरोग सावकाश, अनेक आवर्तनांनंतर दिसू लागतो. मज्जेत तयार होऊन राहिलेला साठा काही दिवस पुरतो म्हणून घसरण दुसऱ्याच दिवशी होत नाही. बहुतेक औषधांच्या बाबतीत न्यूट्रोफिलांची संख्या सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान तळाला पोचते आणि तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पूर्ववत होऊ लागते. अनेक उपचारांचे आवर्तन एकवीस दिवसांचे का असते, याचे उत्तर या गणितात आहे. काही औषधांचा तळ चार ते सहा आठवड्यांनी येतो. त्यांचे आवर्तन साहजिकच लांब असते. ही उपपत्ती जिला समजली तिला स्वतंत्र कोष्टके पाठ करावी लागत नाहीत. औषधाचे नाव कळताच ती रुग्णाच्या हाती दिनदर्शिका देऊ शकते.

४. दहावा दिवस

या दिनदर्शिकेतील सर्वांत धोक्याचा भाग म्हणजे सातव्या ते चौदाव्या दिवसांमधील ताप. मलमूत्र, श्वास, त्वचा यांवाटे शरीरात शिरू पाहणाऱ्या जंतूंना थोपविण्याचे काम न्यूट्रोफिल करतात. दर घनमिलिमीटरला त्यांची संख्या ५०० च्या खाली गेली असता साधा संसर्गही काही तासांत रक्तभर पसरू शकतो. येथे एक विपरीत गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. पू हा मुख्यतः न्यूट्रोफिलांचाच बनतो. त्यामुळे त्यांचा अभाव असता गळवात पू धरत नाही, फुप्फुसाच्या क्ष-किरण चित्रात डाग ठळक दिसत नाही, घसा तपासला तरी फारसे काही आढळत नाही. संसर्गाची नेहमीची सारी चिन्हे लोपतात. ताप एवढी एकच खूण उरते. तीही पॅरासिटॅमॉलच्या गोळीने झाकली जाऊ शकते.

नागोठण्यातील त्या स्त्रीला दहाव्या दिवशी रात्री कणकण वाटली, तर घरातील माणसे काय करतील? तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहतील. ‘केमोमुळे असे व्हायचेच’ असेही कोणी म्हणेल. इतर कोणत्याही तापात हे वर्तन शहाणपणाचे ठरले असते; या तापात ते प्राणावर बेतू शकते. तोंडात तापमापक ठेवून एकदाच १०१ अंश फॅरनहाइट, किंवा १००.४ अंश तापमान तासभर टिकून आढळले, तर तो तातडीचा प्रसंग समजावयाचा असतो. रुग्णालयात पोचल्यावर प्रतिजैविकाची पहिली मात्रा शक्यतो एका तासाच्या आत शिरेतून गेली पाहिजे. रक्ताचे नमुने आधी घ्यावयाचे, परंतु त्यांच्या निकालासाठी औषध थांबवावयाचे नाही.

यास्तव घरी जाण्यापूर्वी परिचारिकेने चार गोष्टींची खात्री करून घेतली पाहिजे. घरी तापमापक आहे की नाही, आणि तो कोणास वाचता येतो? धोक्याचे दिवस दिनदर्शिकेवर खुणेने दाखविले आहेत काय? रात्री जवळच्या ज्या रुग्णालयात जावे लागेल तेथे दाखविण्यासाठी औषधाचे नाव व तारीख लिहिलेला कागद बरोबर आहे काय? आणि जाण्यासाठी वाहन कोणाचे? शेवटचा प्रश्न पाठ्यपुस्तकात आढळत नाही. पण मध्यरात्री पहिले तीन त्याच्यावरच अवलंबून असतात. त्या कागदावर ‘श्वेतपेशी घटण्याची शक्यता, ताप असल्यास त्वरित प्रतिजैविक द्यावे’ अशी एक ओळ असेल तर तालुक्याच्या रुग्णालयातील परिचारिकेचाही मोलाचा वेळ वाचतो. अशा रुग्णाचे तापमान गुदद्वारातून घेऊ नये, एनिमा देऊ नये, कारण तेथील अस्तराला झालेली सूक्ष्म इजा जंतूंना वाट करून देते.

इतर परिणामांचेही दिवस ठरलेले असतात. मळमळ व उलटी पहिल्या चोवीस तासांत आणि पुन्हा दुसऱ्या ते पाचव्या दिवशी होते. ही दुसरी लाट घरी येते, म्हणून तिच्यावरील गोळ्या वेळेवर घेण्याचे महत्त्व समजावून द्यावे लागते. तोंड साधारण पाचव्या ते चौदाव्या दिवसांत येते. केस दोन-तीन आठवड्यांनी गळू लागतात. उपचारानंतर सुमारे ४८ तास रुग्णाच्या मलमूत्रात व ओकारीत औषधाचा अंश असतो. कपडे धुणाऱ्या बाईने हातमोजे वापरावेत आणि गरोदर स्त्रीने ते काम करू नये, ही सूचनाही घरी परतण्यापूर्वीच द्यावयाची असते.

५. शिरेतील औषध

काळाचे मान जसे दिवसांचे तसे क्षणांचेही असते. कोकणातील बहुतेक अंगणांत आढळणाऱ्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन व व्हिन्ब्लास्टीन ही औषधे मिळाली. सह्याद्रीच्या रानात वाढणाऱ्या नरक्या नावाच्या झाडात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य सापडते. इरिनोटेकॅनसारखी औषधे त्यापासूनच सिद्ध झाली आहेत. परिचित वनस्पतीतून आलेले म्हणून औषध सौम्य असेल असा समज रुग्णांत आढळतो आणि त्यामुळे सदाफुलीचा पाला घरीच उकळून पिण्याचा मोहही काहींना होतो. तो धोकादायक आहे हे परिचारिकेने समजावून सांगितले पाहिजे. वनस्पतीतील विष व औषध यांतील अंतर मात्रेचे असते आणि घरच्या काढ्यात ती मात्रा मोजता येत नाही.

व्हिन्क्रिस्टीन आणि डॉक्सोरुबिसिन ही औषधे शिरेबाहेर सांडल्यास आजूबाजूचे मांस मरते व खोल व्रण होतो. म्हणून अशा औषधासाठी शिरेची निवड विचारपूर्वक करावी लागते. औषध चालू असताना रुग्णाला ‘चुरचुरते का?’ असे पुनःपुन्हा विचारावे लागते. शंका येताच औषध थांबवावयाचे. परंतु सुई लगेच काढावयाची नाही, तिच्यातूनच शक्य तेवढे औषध मागे ओढून घ्यावयाचे. पुढे डॉक्सोरुबिसिनसाठी थंड शेक, तर व्हिन्क्रिस्टीनसाठी गरम शेक. हा भेद निरर्थक पाठांतराचा नाही. पहिले औषध पेशीतील जनुकद्रव्याला घट्ट चिकटते, तेव्हा त्याला एका जागी रोखणे हिताचे. दुसरे तितके चिकटत नाही, तेव्हा ते पांगविणे हिताचे.

व्हिन्क्रिस्टीनसंबंधी आणखी एक नियम प्राणरक्षक आहे. हे औषध शिरेतूनच द्यावयाचे असते. चुकून पाठीच्या कण्यातील द्रवात गेल्यास ते बहुधा प्राणघातक ठरते. रक्ताच्या कर्करोगात काही औषधे कण्यातून व काही शिरेतून एकाच दिवशी दिली जात असल्याने असा घोटाळा जगात अनेक ठिकाणी घडलेला आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सावधगिरीची सूचना काढून हे औषध पिचकारीत न भरता सलाईनच्या लहान पिशवीत पातळ करून द्यावे असे सुचविले. पिशवी कण्याच्या सुईला जोडण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. माणसाच्या सावधानतेवर सर्व भार न टाकता वस्तूची रचनाच चूक अशक्य करील अशी ठेवणे, हे तत्त्व विशेषज्ञ परिचारिकेने आपल्या कक्षात सर्वत्र लागू केले पाहिजे.

६. किरणोपचार आणि मुखाचा कर्करोग

भारतातील पुरुषांत ओठ व तोंड यांचा कर्करोग सर्वांत अधिक आढळतो. स्त्रियांत स्तनाचा कर्करोग पहिला व गर्भाशयमुखाचा दुसरा येतो. मुखाच्या कर्करोगाला तंबाखू मुख्यतः कारण आहे. महाराष्ट्रात ग्रामीण स्त्रिया तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजून, कुटून तिची मिश्री दातांना लावतात. तिला व्यसन न मानता दात घासण्याची रीत मानण्यात येत असल्यामुळे ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच मिळते. परिचारिकेने मिश्रीसंबंधी वेगळे विचारले पाहिजे. सुपारीही निर्दोष नाही. श्रीवर्धनच्या बागांमुळे सुपारीशी रायगड जिल्ह्याचा जुना स्नेह असला, तरी तंबाखूवाचून नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे.

मुखावरील किरणोपचार साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस असे सहा ते सात आठवडे चालतात. एवढे दिवस रोज नागोठण्याहून जाणे-येणे बहुतेकांना झेपत नाही. रुग्ण नातेवाइकांकडे किंवा दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी आसरा घेतात. येथेही परिणामांचा क्रम निश्चित असतो. पहिला आठवडा बरा जातो आणि रुग्णाला वाटते की आपल्याला काही त्रास होणारच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंडाचे अस्तर सोलवटते, त्वचा लाल होते, चव जाते. उपचार संपताना त्रास कळसाला पोचतो आणि संपल्यानंतरही दोन ते चार आठवडे टिकतो. हे आधी सांगितले नसेल तर रुग्ण पाचव्या आठवड्यात उपचार सोडून गावी निघून जातो. मध्येच खंड पडला तर उरलेल्या कर्कपेशींना वाढण्यास अवधी मिळतो आणि आधीचे सोसणेही व्यर्थ जाते.

म्हणून मीठ व खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने दिवसातून अनेकदा चुळा, तिखट व आंबट वर्ज्य, वेळेवर वेदनाशामक, आणि पेज, मऊ भात, नाचणीची खीर यांसारखा गिळण्यास सोपा आहार यांची आखणी पहिल्याच आठवड्यात झाली पाहिजे. कोकणातील घराला पेज करावयास शिकवावे लागत नाही. मात्र तीत दूध, तूप, अंडे अथवा डाळीचे पाणी घालून तिचे बळ वाढवावे हे सांगावे लागते. नाकातून नळी घालण्याची वेळ आली तर ती पराभवाची खूण नसून उपचार पूर्ण करण्याचे साधन आहे, असेही समजवावे लागते.

काही परिणाम जन्मभराचे असतात. लाळेच्या ग्रंथी सुकतात, दात किडतात, जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कायमचा क्षीण होतो. अशा जबड्यातून काही वर्षांनी एखादा दुखरा दात उपटला तर जखम भरून न येता हाड मरू लागण्याचा धोका असतो. म्हणून दातांची तपासणी उपचारापूर्वी व्हावयास हवी. ‘पुढे कधीही दात काढावयाचा झाल्यास येथे किरणोपचार झालेला आहे हे प्रथम सांगा’ हे वाक्य रुग्णाच्या कागदपत्रांत ठळकपणे असले पाहिजे.

बाहेरून किरण घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत आणि कर्करोग स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. ही दोन विधाने विज्ञानाच्या दृष्टीने साधी आहेत, पण ज्या घरात रुग्णाचे भांडे वेगळे ठेवले जाते व नातवाला जवळ जाऊ दिले जात नाही, तेथे त्यांचे मोल औषधाएवढे आहे. किरणोत्सर्गी द्रव्य शरीरात ठेवून केलेल्या उपचाराची गोष्ट मात्र निराळी. तेथे वेळ कमी, अंतर अधिक आणि मध्ये आडोसा ही त्रिसूत्री पाळावी लागते. अंतर दुप्पट केले असता मात्रा चौथाईवर येते.

७. वेदना

वेदनेच्या बाबतीत काळाचे भान सर्वांत अधिक हरवते. ‘दुखेल तेव्हा गोळी घ्या’ ही सूचना कर्करोगाच्या चिवट वेदनेला लागू पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये सांगितलेल्या पद्धतीचे मर्म असे की औषध शक्यतो तोंडाने, घड्याळाप्रमाणे आणि वेदनेच्या तीव्रतेनुसार चढत्या पायऱ्यांनी द्यावे. साध्या मॉर्फिनचा प्रभाव सुमारे चार तास राहतो, म्हणून पुढची मात्रा वेदना परतण्यापूर्वी द्यावयाची. वेदना पुन्हा उसळू दिली तर ती शमविण्यास अधिक औषध लागते आणि मधल्या काळात भीती घर करते. मॉर्फिन सुरू करताना बद्धकोष्ठावरील औषध त्याच दिवशी सुरू करावे. मळमळ काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ ओसरत नाही.

मॉर्फिन म्हटले की व्यसनाची व मृत्यूची भीती पुढे येते, आणि ती केवळ रुग्णाच्या घरी असते असे नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कडक तरतुदींमुळे अनेक वर्षे रुग्णालयेही हे औषध ठेवण्यास कचरत. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अत्यावश्यक औषधांसाठी परवान्याची वाट सुलभ झाली. तरीही औषध खेड्यापर्यंत पोचणे मुख्यतः माणसांच्या मनातील भीती निवळण्यावर अवलंबून आहे. नियमित मात्रेची शरीराला होणारी सवय आणि व्यसन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे परिचारिकेला स्वतः पटलेले असले तरच ती दुसऱ्याला पटवू शकते.

लंडन येथे १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह स्थापन करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स प्रथम परिचारिका होत्या व नंतर डॉक्टर झाल्या. शरीराची, मनाची, संसाराची व श्रद्धेची वेदना वेगवेगळी मोजता येत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. भारतातील अशा प्रकारचे पहिले शुश्रूषागृह, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले. ‘आता करण्यासारखे काही नाही’ हे वाक्य रोगाच्या बाबतीत एखाद्या वेळी खरे असेल. परिचर्येच्या बाबतीत ते कधीच खरे नसते.

८. सांगणे आणि न सांगणे

‘सिस्टर, बाबांना नाव सांगू नका,’ अशी विनंती प्रत्येक कर्करोग-कक्षात रोज होते. तिच्यामागे प्रेम असते, म्हणून ती झिडकारून चालत नाही. परंतु ती जशीच्या तशी मानली तर रुग्ण स्वतःच्या उपचारापासून परका होतो. ज्याला आपल्याला काय झाले आहे हे ठाऊक नाही, त्याला दहाव्या दिवशीचा ताप कसा समजावून देणार? अशा वेळी मुलाला बाजूला घेऊन ‘बाबांना आधीच काय वाटते आहे, ते तुम्ही विचारले आहे का?’ असे विचारावे. पुढे वडिलांना, ‘काका, तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचे आहे?’ असे मोकळेपणी विचारावे. बहुधा असे आढळते की वडिलांना सर्व ठाऊक असते आणि तेही मुलाला दुःख होऊ नये म्हणून गप्प असतात. परिचारिकेने खोटे बोलू नये आणि न मागितलेले सत्य अंगावर फेकूही नये. रुग्ण ज्या वेगाने विचारतो त्या वेगाने सांगावे. सांगण्यालाही काळ असतो.

९. रोगाच्या आधीचा काळ

आतापर्यंतचे विवेचन उपचार सुरू झाल्यानंतरच्या काळाचे होते. परंतु काही कर्करोगांना रोगाआधीचा दीर्घ काळ असतो, आणि तेथे परिचारिकेचे हात सर्वांत जास्त प्राण वाचवू शकतात. गर्भाशयमुखाच्या पेशींतील प्रारंभीचा बदल कर्करोगात परिणत होण्यास बहुधा अनेक वर्षे लागतात. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. त्यात प्रशिक्षित प्राथमिक आरोग्य सेविकांनी गर्भाशयमुखाला पातळ केलेले ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, लावून पांढरे पडणारे भाग पाहावयाचे, एवढी साधी तपासणी ठराविक कालांतराने केली. या रोगाने होणारे मृत्यू त्यायोगे ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांवरील अभ्यासात पॅपिलोमा विषाणूची एकच चाचणी केलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये दिसून आले. महागड्या यंत्रांवाचून, खेड्यात, परिचारिका व सेविका यांच्या हातून हे साधते. नागोठण्यासारख्या गावाला याहून मोठा दिलासा कोणता?

१०. उपसंहार

कर्करोग-परिचर्येच्या मूलभूत ज्ञानाची रचना विषयवार न करता कालक्रमाने केली असता ती अधिक उपयोगी ठरेल. रोगाआधीची वर्षे, निदानाचा दिवस, औषध शिरेत जात असतानाचे क्षण, पहिले पाच दिवस, सातवा ते चौदावा दिवस, किरणोपचाराचे सात आठवडे, चार-चार तासांनी येणारी वेदना आणि त्यानंतरचे उरलेले आयुष्य, या प्रत्येक टप्प्यावर पेशीत काय घडते, रुग्णाला काय जाणवते, घराने काय करावे आणि केव्हा रुग्णालय गाठावे, हे चार प्रश्न विद्यार्थिनीला विचारता येतील. परीक्षेत न्यूट्रोफिलांच्या संख्येची व्याख्या विचारण्याऐवजी, ‘आज औषध घेऊन रुग्ण गावी निघाला आहे, त्याच्यासाठी एका पानाची दिनदर्शिका तयार करा’ असा प्रश्न घातला, तर त्या उत्तरात पेशीविज्ञान, औषधशास्त्र व लोकशिक्षण ही तिन्ही एकदम तपासली जातील.

ते पान नागोठण्यातील त्या घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेशेजारी टाचलेले असेल. दहाव्या दिवसाभोवती लाल वर्तुळ असेल, खाली ‘ताप १०१ : गोळी देऊन थांबू नका, लगेच निघा’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असेल आणि त्याखाली शेजारच्या रिक्षावाल्याचा दूरध्वनी क्रमांक असेल. रात्री दोन वाजता ते पान कोणी वाचले आणि उजाडण्याची वाट न पाहता घराबाहेर पडले, तर परळच्या किंवा खारघरच्या कक्षात दहा दिवसांपूर्वी घालविलेली पंधरा मिनिटे सार्थकी लागली असे म्हणता येईल.